पालथं ताट

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव विचारलं तर सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. लहान असाल तर नीट ऐका. मोठे असाल तर जरा जास्तच नीट ऐका, कारण चूक मोठ्यांची होती.

त्या राज्यात नदीकाठी तांबटांचं एक गाव होतं. घरोघरी तांब्याची भांडी घडत. दिवस वर आला की पहिला हातोडा पडायचा, आणि दिवस मावळेपर्यंत ठोक्यांचा आवाज थांबायचा नाही. तिथली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलत. तान्ही मुलं ठोके चालू असताना गाढ झोपत आणि ठोके थांबले की दचकून जागी होत.

त्या गावाची एक रीत होती. घरातलं म्हातारं माणूस ज्या दिवशी आपलं काम खाली ठेवी, त्या दिवशी घरचे त्याच्यासाठी तांब्याचं एक मोठं ताट घडवत. आतून कल्हईचा पांढरा मुलामा, काठावर वेलबुट्टी. हे मानाचं ताट. तिथून पुढे ते माणूस पडवीत उंच पाटावर बसायचं आणि सगळ्यांच्या आधी, एकटं जेवायचं. त्याचं होईपर्यंत घरात कुणी घास तोंडात घालायचा नाही. त्याच्यासमोर बसायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. थोरांच्या घासाकडे पाहणं म्हणजे थोरांचा अपमान, असं गाव मानायचं. जेवण झालं की ते माणूस ताट विसळून अंगणातल्या दगडावर पालथं घालायचं. ताट पालथं झालं, की घर जेवायला मोकळं.

दुपारी बायका नदीवर भेटल्या की पहिला प्रश्न हाच असायचा.

"झालं का गं ताट पालथं?"

"झालं बाई."

बस्स. याच्यापुढे कुणी काही विचारत नसे. ताट पालथं म्हणजे म्हातारं माणूस पोटभर जेवलं, आणि म्हातारं माणूस जेवलं म्हणजे घराचं कर्तव्य संपलं.

या रीतीची राखण करायला गावात एक थोरले पंच होते. तेही आता थकले होते, त्यांचंही ताट मानाचं होतं. त्यांचं कुत्रं मात्र गावात सगळ्यांत लठ्ठ. चालताना पोट जमिनीला टेकायचं. लोक कौतुकाने म्हणत, ज्यांचं कुत्रं एवढं पोसलंय, त्यांचं घर किती भरलेलं असेल!

गावाच्या खालच्या आळीत एक म्हातारा तांबट राहायचा. त्याने घडवलेल्या हंड्यावर टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखा नाद घुमायचा. पुढे हात कापू लागले. मग त्याने हातोडा खाली ठेवला, आणि त्याच्या मुलाने त्याच्यासाठी मानाचं ताट घडवलं.

त्याची म्हातारी होती तोवर सगळं सुरळीत चाललं. ती होती भारी बोलघेवडी. गप्प बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. पण रीत मोडायची तरी कशी? तिने वाट काढली. नवरा जेवायला बसला की ती त्याच्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसायची, आणि दाराच्या चौकटीकडे पाहत तोंडाचा पट्टा सुरू करायची.

शेजारीण एकदा म्हणाली, "अगं, थोरलं माणूस जेवतंय. गप्प बस की जरा!"

"मी त्यांच्याशी कुठे बोलतेय?" म्हातारी म्हणाली. "मी चौकटीशी बोलतेय. चौकटीशी बोलू नये अशीही रीत आहे का तुमची?"

तिच्याकडे एक तुरेवाली कोंबडी होती. दाणे खायची हिच्या अंगणात आणि अंडी घालायची दुसऱ्यांच्या गवतात. त्या कोंबडीची रोज नवी तऱ्हा, आणि म्हातारीची रोज नवी तक्रार. म्हातारा पाटावर बसून ऐकायचा, मधेच मिशीत हसायचा, आणि दोन भाकऱ्या कधी संपल्या ते त्याला कळायचंही नाही.

एके दिवशी ती कोंबडी दिसेनाशी झाली. दोन दिवस झाले, पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारी चौकटीला म्हणाली, "कळलंय मला, कुठे दडून बसलीय ती भवानी. उद्या जाऊन धरते आणि मग सांगते."

पण दुसऱ्या दिवशी म्हातारी उठलीच नाही.

आता घराची सगळी जबाबदारी सुनेवर आली. सून डोंगरापलीकडच्या गावची. लग्नाला दोन वर्षं झालेली. हाताने चटपटीत, तोंडाने फटकळ. तिच्या माहेरी ही ताटाची रीत नव्हती. पण सासूच्या माघारी कुणी घराकडे बोट दाखवू नये, म्हणून तिने ठरवलं की रीत पाळायची ती अगदी काटेकोर. ती सासऱ्यापुढे ताट ठेवायची, वाकून नमस्कार करायची आणि आत जाऊन स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. उंबरा रिकामा राहायचा.

पडवीत आता घासाचासुद्धा आवाज येत नव्हता. पण ताट रोज पालथं होत होतं.

चार महिने गेले. एक दिवस सासरा अंगणातून येताना सुनेने पाहिलं, तर त्याच्या अंगातली बंडी दोरीवर वाळत घातल्यासारखी हलत होती. पूर्वी मुलगा काम करत असला की म्हातारा ओट्यावरून ओरडायचा, "अरे, ठोका चुकला! पत्रा रडतोय बघ!" आता ठोक्यामागून ठोके चुकत होते. एकदा तर हंड्याचा काठ फाटला. म्हातारा भिंतीकडे पाहत बसून राहिला.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "मामंजी वाळत चाललेत."

"ताट पालथं होतंय ना?" नवऱ्याने हातोडा न थांबवता विचारलं.

"होतंय."

"मग? वय झालं त्यांचं."

"वय झालं म्हणजे काय झालं? वय हे काय दुखण्याचं नाव आहे? पाय मोडला तरी वय, ताप आला तरी वय!"

नवऱ्याने पुढचा ठोका घातला. ती स्वतःच वैद्याकडे गेली. वैद्याने म्हाताऱ्याची नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि सांगितलं, "अन्न अंगी लागत नाही. कसदार घाला, मऊ घाला, थोडं थोडं घाला."

झालं. सून हात धुऊन त्या कामाच्या मागे लागली. सकाळी नाचणीचं सत्त्व, दुपारी मुगाचं कढण, भाकरीवर लोणकढं तूप, वर दुधात भिजवलेली खारीक. डिंकाचे लाडू वळता वळता तिच्या तळव्यांना फोड आले. माहेरून आणलेलं मधाचं मडकं तिने सासऱ्यासाठी फोडलं, स्वतः बोटसुद्धा बुडवलं नाही. आणि ताट? ताट रोज लख्ख. एक शीत उरलेलं नसायचं.

म्हातारा मात्र वाळतच गेला. आता तो नावं विसरायला लागला. ऊन कुठे आहे ते पाहून वेळ सांगणारा माणूस, भर दुपारी विचारायचा, "सकाळ झाली का?"

नदीवर बायकांची कुजबुज सुरू झाली. कुजबुज म्हणजे काय, त्या गावात सगळं ओरडूनच.

"सासू होती तोवर कसा गरगरीत होता! सुनेच्या हाताला बरकत नाही, दुसरं काय?"

"तूप घालते म्हणे. तूप घालते की तुपाचा वास दाखवते?"

सून घागर तशीच टाकून घरी आली आणि सरळ पडवीत गेली.

"मामंजी, मला खरं सांगा. काय हवंय तुम्हाला? काय दुखतंय? माझ्या हातचं आवडत नाही का?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलल्यासारखे झाले. मग तो म्हणाला, "सगळं आहे की, सूनबाई. कशाचीच कमी नाही. तू फार करतेस."

"मग अंगाला का लागत नाही?"

"काय करायचंय आता अंगाला लागून!" तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

तिला संताप आला. काय ही माणसं! विचारलं तर सांगायचं नाही, आणि न विचारता शंभर रीती सांगायच्या! पण रागाच्या तळाशी तिला एक गोष्ट आठवली. सासू. उंबरा. चौकट. ती उठली आणि तडक थोरल्या पंचांच्या दारी गेली. पंच ओट्यावर बसले होते, कुत्रं पायाशी धापा टाकत होतं.

"थोरले काका, मला मामंजींच्या जेवणाच्या वेळी समोर बसायचंय."

पंचांनी भुवया चढवल्या. "कशाला?"

"ते एकटे पडलेत. सासूबाई उंबऱ्यावर बसायच्या. मी बसले तर कदाचित..."

"कदाचित!" पंच म्हणाले. "मुली, थोरलं माणूस एकटं जेवतं तो त्याचा मान आहे. तू समोर बसून त्याचे घास मोजणार? उद्या म्हणशील, भरवते! म्हातारा झाला म्हणजे काय तान्हा झाला का? तुझ्या सासूने चौकटीच्या नावाखाली रीत वाकवली, आम्ही डोळेझाक केली. आता तू मोडायला निघालीस? आणि तुझ्या सासऱ्याला तरी चालेल का, विचार."

तिने घरी येऊन विचारलं. म्हातारा क्षणभर थांबला. फार थोडा थांबला, पण थांबला. मग म्हणाला, "नको. लोक काय म्हणतील? आपल्या घरानं रीत मोडली असं नको व्हायला."

सून गप्प बसली. आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसली, आणि नेमकी तिथेच चुकली. पुढे तिला स्वतःचा सगळ्यांत जास्त राग आला तो याच गोष्टीचा.

आणखी पाच महिने गेले. गावात वर्षातून एकदा कल्हईचा दिवस असे. कल्हई उडालेल्या ताटात आमटी कळकते, म्हणून सगळ्या मानाच्या ताटांना त्या दिवशी नवा मुलामा चढायचा. मुलाने भट्टी पेटवली आणि बापाचं ताट हातात घेतलं.

"या ताटाची कल्हई नीट लावा यंदा," सून म्हणाली. "घासताना हाताला खरखरीत लागते. केव्हाचं सांगायचं होतं."

नवऱ्याने ताट उजेडात धरलं आणि तो थबकला.

"इकडे ये," तो म्हणाला. "हे बघ. माणूस जेवतो त्या ताटाची कल्हई मधोमध झिजते. बोटांनी झिजते, गुळगुळीत झिजते. आणि हे..."

सुनेने वाकून पाहिलं. पांढऱ्या मुलाम्यावर सगळीकडे बारीक बारीक टोचे होते. शेकडो. मधे, कडेला, वेलबुट्टीच्या खाली. प्रत्येक टोच्यातून खालचं लाल तांबं डोकावत होतं.

"ही चोच आहे," नवरा हळू आवाजात म्हणाला. त्या गावात हळू आवाजात कुणी बोलत नसे.

रोज तीच तर ते ताट घासत होती. त्या खुणा रोज तिच्या बोटांखालून गेल्या होत्या. आणि ती कल्हईला नावं ठेवत राहिली होती.

दुसऱ्या दिवशी तिने ताट ठेवलं, नमस्कार केला, दार लोटलं आणि दाराच्या फटीला डोळा लावला.

म्हातारा बराच वेळ नुसता बसून राहिला. मग त्याने भाकरी हातात घेतली आणि तिचे तुकडे करायला सुरुवात केली. छोटे छोटे, नखाएवढे तुकडे. थरथरत्या बोटांनी तो एकेक तुकडा तुपात बुडवून ताटात मांडत होता. अंगणाच्या भिंतीवर एक कावळा येऊन बसला. त्याचा एक पाय अधू होता.

"आलास?" म्हातारा म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. "ये, ये. आज उशीर केलास. काल कुठवर आलो होतो आपण? हां, कोंबडी. ती तुरेवाली. तू एवढा गावभर हिंडतोस, तुला दिसली का रे कुठे? हिला माहीत होतं ती कुठे दडलीय. सांगते म्हणाली होती..."

कावळा ताटाच्या काठावर उतरला आणि टोचू लागला. टक्, टक्, टक्. म्हातारा बोलत राहिला. कावळ्याने मान वर केली की तो घाईने आणखी एक तुकडा पुढे सरकवायचा. कढण संपलं, लाडू संपला, खारीक संपली. शेवटचा तुकडा गेला तसा कावळा उडाला. म्हातारा रिकाम्या भिंतीकडे पाहत राहिला. मग त्याने ताट विसळलं आणि दगडावर पालथं घातलं.

त्या काळी कावळे बोलत आणि माणसांना ते समजे. सून मागच्या दाराने धावत बाहेर आली. कावळा शेवग्यावर बसला होता.

"चोरा!" ती ओरडली. "माझ्या सासऱ्याचं अन्न खातोस? वर्षभर खातोयस!"

"चोर कुणाला म्हणतेस?" कावळा म्हणाला. "मी मागितलं नाही कधी. त्याने बोलावलं, मी गेलो. पहिल्या दिवशी एक तुकडा खाऊन मी उडालो. दुसऱ्या दिवशी त्याने दोन ठेवले. त्याला कळलं, घास आहे तोवर मी थांबतो आणि घास संपला की जातो. म्हणून घोटभर कढण तेवढं स्वतः पितो आणि बाकी सगळं ताट मला देतो, बाई. आणि तुकडे एवढे बारीक का करतो, ठाऊक आहे?"

सुनेचा उगारलेला हात खाली आला.

"मी जास्त वेळ बसावं म्हणून," कावळा म्हणाला. "तू जेवढं जास्त वाढत गेलीस, तेवढा मी जास्त वेळ बसत गेलो. तुझे लाडू छान असतात. पण तुझ्या घरात त्याच्याजवळ बसायला एक पक्षीच उरला, याला मी काय करू?"

तिला रडायचं होतं, पण तिला रडण्याआधी काम करायची सवय होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मानाचं ताट पडवीत नेऊन ठेवलं. मग आत गेली, आपलं साधं ताट घेऊन आली आणि सासऱ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"हे काय?" म्हातारा चमकला. "ऊठ, सूनबाई. लोक बघतील. ऊठ म्हणतो ना!"

सून जागची हलली नाही. तिने मान फिरवली आणि दाराच्या चौकटीकडे पाहत म्हणाली, "मी कुठे कुणाशी बोलतेय? मी चौकटीशी बोलतेय. काय गं चौकटी, ती तुरेवाली कोंबडी होती ना, ती कुठे सापडली माहितीय का तुला?"

मग म्हाताऱ्याच्या छातीतून कसलासा आवाज आला. तो हसतोय की रडतोय ते तिला कळेना, आणि मान वळवून पाहायची तिची हिंमत झाली नाही.

"कुठे?" त्याने विचारलं.

"सांगते. पण चौकट म्हणते, आधी एक घास."

म्हाताऱ्याने भाकरीचा तुकडा मोडला. या वेळी मोठा मोडला. कढणात बुडवला आणि तोंडात घातला. गिळताना त्याला त्रास झाला. घशाला सवय राहिली नव्हती. तीन घास खाऊन तो दमला. पण तीन घास त्याचे होते.

तिसऱ्या दिवशी नवराही आपलं ताट घेऊन आला आणि काही न बोलता बापाच्या शेजारी बसला. सुनेने कोंबडीला गावभर हिंडवलं. कधी ती सोनाराच्या तराजूत बसली, कधी पुजाऱ्याच्या पागोट्यात. म्हातारा म्हणायचा, "छे, पागोट्यात कशी मावेल?" आणि एक घास जास्त खायचा. आठव्या दिवशी तो ओट्यावरून ओरडला, "अरे, ठोका चुकला!" मुलाच्या हातातून हातोडाच पडला, आणि तो पडलेल्या हातोड्याशेजारी बसून हुंदके देऊ लागला.

गावात बोंब झाली. थोरले पंच काठी टेकत आले आणि अंगणातूनच म्हणाले, "या घराने रीत मोडली. याचा जाब द्यावा लागेल."

"द्यायचा तेव्हा देईन," सून पडवीतूनच म्हणाली. "आत्ता आम्ही जेवतोय."

पण ऐकणाऱ्यांनो, ही गोष्ट इथे संपत नाही. इथे संपली असती तर मला ती सांगावी लागली नसती.

मुलगा तांबट होता. त्याला माहीत होतं, भांडं फुटलं तर डाग देऊन ते सांधता येतं. पण पत्राच झिजून कागदासारखा झाला, तर डाग धरायलाही काही उरत नाही. वर्षभराची उपासमार सतरा दिवसांच्या घासांनी भरून निघाली नाही. अठराव्या दिवशी म्हाताऱ्याला साधं पडसं झालं. धडधाकट माणूस शिंकून मोकळा झाला असता. म्हातारा त्यातून उठला नाही.

शेवटच्या दुपारी त्याला पाणीही जाईना. सून उशाशी बसली होती. तो कसाबसा म्हणाला, "मग? सापडली का ती?"

"उद्या सांगते," ती म्हणाली. तिला वाटलं, गोष्ट उरली की माणूसही थांबेल.

तो थांबला नाही.

दहाव्या दिवशी नदीकाठच्या दगडावर भाताचा पिंड ठेवला. कावळा शिवला की मेलेल्या माणसाचं मन शांत झालं, असं मानतात. भिंतीवरचा तो अधू पायाचा कावळा आला, पिंडासमोर बसला, आणि नुसता बसून राहिला.

ऊन चढलं. लोक अस्वस्थ झाले. थोरले पंच पुढे आले आणि हात जोडून मोठ्याने म्हणाले, "तुझी इच्छा राहिली असेल तर ऐक! तुझ्या घरात रीत पुन्हा पाळली जाईल! तुझ्या नावाने नवं ताट घडवू, याहून मोठं!"

कावळ्याने मान फिरवली.

"काठाला चांदी लावू!"

कावळा पाठ करून बसला.

पिंडाच्या वेळी बायकांनी घाटावर यायचं नसतं. पण सून गर्दीतून वाट काढत आली. हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती. "का शिवत नाहीस?" तिने विचारलं. "वर्षभर तर खाल्लंस."

"वर्षभर त्याच्यासमोर बसून खाल्लं," कावळा म्हणाला. "आता हा शेवटचा घास मी एकट्याने कसा खाऊ? माझ्या घशाखाली उतरायचा नाही."

सून खाली वाळूत बसली. तिने भाकरी मोडली आणि रडत रडत राहिलेली गोष्ट सांगू लागली. "तर ती तुरेवाली कोंबडी. ती कुठे गेलीच नव्हती. सासूबाई जिथे बसायच्या ना, त्या उंबऱ्याशेजारच्या जुन्या हंड्यात ती दडून बसली होती. मामंजींच्याच हातच्या हंड्यात. अंडी उबवत होती. सगळं गाव बाहेर शोधत होतं आणि ती घरातच होती. कुणी वाकून पाहिलंच नाही." तिने एक घास तोंडात घातला. तो तिला गिळवेना, तरी तिने गिळला.

कावळा पुढे सरकला आणि पिंडाला शिवला.

मग थोरल्या पंचांच्या हातातली काठी वाळूत पडली.

"माझं कुत्रं," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "माझं कुत्रं फार लठ्ठ झालंय. त्याला मी रोज... तेही घास संपेपर्यंतच बसतं."

त्यांनी अंगरखा बाजूला केला. आत बरगड्या मोजता येत होत्या.

सून ताडकन उठली. "मग बोलायचं होतं ना, थोरले काका! तुमचंही पोट रिकामंच होतं, आणि तुम्ही मला रीत शिकवत होतात? मामंजींनी सांगितलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. मान म्हणून उपाशी राहिलात, पण 'माझ्याजवळ बस' एवढे दोन शब्द कुणाच्या तोंडातून निघाले नाहीत! आणि आम्हीही शहाणे! माणसाच्या तोंडाकडे पाहायचं सोडून ताटाच्या पाठीकडे पाहत बसलो!"

त्या दुपारी गावात पहिल्यांदाच भर दिवसा ठोके थांबले. घराघरांतून मानाची ताटं उजेडात आणली गेली. एका ताटावर मांजराच्या जिभेने चाटून काढलेले पट्टे निघाले. एकाच्या काठावर शेळीचे दात उमटले होते. चार ताटांवर चोची. आणि दोन ताटं अशी निघाली, की त्यांची कल्हई नव्यासारखी होती, कारण त्यांतलं अन्न सरळ उकिरड्यात जात होतं. त्यांतल्या एका ताटाची म्हातारी तर त्याच महिन्यात गेली. तिच्यासाठी उशीर झाला होता.

बाकीच्यांसाठी झाला नव्हता. त्या दिवसापासून गावात मानाचं ताट वेगळं घडलं नाही. घरातलं म्हातारं माणूस मधे बसू लागलं आणि बाकीची पानं त्याच्याभोवती. थोरले पंच नातवंडांच्या गलक्यात जेवू लागले. कुत्रं हळूहळू रोडावलं आणि एकदा तर मांजरामागे धावतानाही दिसलं. नदीवर बायका आता ताटाचं विचारीनाशा झाल्या. विचारायच्या, "आज कुणाशी बोलत जेवल्या गं तुझ्या सासूबाई?"

खालच्या आळीतल्या त्या घरी मात्र ते टोचलेलं ताट तसंच भिंतीला टांगलेलं राहिलं. सुनेने त्याला पुन्हा कधी कल्हई लावू दिली नाही. कुणा पाहुण्याने विचारलंच, की तांब्यावर ही नक्षी कसली, तर ती म्हणायची, "ती नक्षी नाही. माझा उशीर आहे तो."

या गोष्टीतून उचलायचं ते एवढंच: म्हाताऱ्या माणसापुढे नुसतं ताट ठेवणं म्हणजे त्याला जेवू घालणं नव्हे, समोर बसून, चार शब्द बोलत, आपलाही घास खाल्ला, तरच त्याचा घास त्याच्या अंगी लागतो.